दानाचे विश्वस्त : सर आशुतोष मुखर्जी

सुरतेस जन्मलेले आणि मुंबईच्या कापूस बाजारात नावारूपाला आलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव जैन समाजाला नवे नाही. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला व त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ओळखला गेला. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नेम पाळणाऱ्या वृद्ध मातेला घड्याळाच्या टोल्यांवरून वेळ कळावी, असा त्यामागे हेतू होता, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. त्याच प्रेमचंदशेठनी १८६६ साली दूरच्या कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते, ही गोष्ट मात्र महाराष्ट्रात तितकीशी परिचित नाही. १८६५ च्या मंदीत मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या आणि स्वतः प्रेमचंदशेठनाही त्या मंदीची मोठी झळ लागली. परंतु कलकत्त्यास दिलेले दान टिकले. त्या निधीच्या उत्पन्नातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली व ती त्या विद्यापीठातील विद्वत्तेचा सर्वोच्च मान समजली जाऊ लागली.

हे दान मिळाल्यावर वीस वर्षांनी, १८८६ साली, ही शिष्यवृत्ती बावीस वर्षांच्या एका बंगाली तरुणाने पटकावली. त्याचे नाव आशुतोष मुखोपाध्याय, म्हणजेच पुढे सर्व भारतात गाजलेले सर आशुतोष मुखर्जी. दानाच्या आधाराने पुढे आलेल्या या विद्यार्थ्याने नंतर कुलगुरू या नात्याने त्याच विद्यापीठासाठी लक्षावधी रुपयांची दाने मिळविली, ती विश्वस्ताच्या निष्ठेने सांभाळली आणि एके दिवशी सरकारने देऊ केलेले अडीच लाख रुपये, विद्यापीठाची तिजोरी रिकामी असतानाही, नाकारले. दान कोणते घ्यावे व कोणते घेऊ नये, हा प्रश्न प्रत्येक सार्वजनिक संस्थेपुढे कधी ना कधी उभा राहतो. आशुतोषांच्या चरित्राचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात साठविलेले आहे.

घर आणि शिक्षण

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यातील बहूबाजार भागात झाला. त्यांचे घराणे मूळचे हुगळी जिल्ह्यातील जिराट गावचे. वडील गंगाप्रसाद हे नामांकित डॉक्टर. त्यांनी पुढे कलकत्त्याच्या दक्षिणेकडील भवानीपूर येथे आपले बस्तान बसविले. मातोश्री जगत्तारिणीदेवी यांचा धाक व माया या दोन्हींचा मुलाच्या मनावर खोल ठसा उमटला. भवानीपूरच्या साऊथ सबर्बन शाळेत शिकून आशुतोष १८७९ साली प्रवेश परीक्षेत दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले.

गणित हा त्यांचा प्राणप्रिय विषय होता. कॉलेजच्या आरंभीच्याच काळात युक्लिडच्या एका सिद्धांताची त्यांनी दिलेली नवी सिद्धता केंब्रिजहून निघणाऱ्या गणितविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. १८८४ साली बी. ए. च्या परीक्षेत ते पहिले आले, १८८५ साली गणितात व पुढल्याच वर्षी पदार्थविज्ञानात त्यांनी एम. ए. केले आणि त्याच वर्षी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचा मान मिळविला. पुढील काही वर्षांत त्यांचे गणितावरील अनेक शोधनिबंध प्रसिद्ध झाले व युरोपातील विद्वानांनी त्यांची दखल घेतली.

अशा तरुणाने प्राध्यापक व्हावे, हे स्वाभाविक होते. शिक्षण खात्याने त्यांना नोकरी देऊही केली. परंतु त्या काळी युरोपियन प्राध्यापकांची श्रेणी वेगळी व हिंदी प्राध्यापकांची वेगळी असे. पात्रता समान असली तरी पगार व मान समान नसे. युरोपियनांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, ही आशुतोषांची अपेक्षा मान्य होईना. तेव्हा त्यांनी ती नोकरी नाकारली व वकिलीचा मार्ग धरला. ज्यांच्या हाताखाली त्यांनी वकिलीची उमेदवारी केली, ते रासबिहारी घोष हे कलकत्त्यातील अग्रगण्य कायदेपंडित होते. १९०७ च्या सुरत काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ते महाराष्ट्रालाही परिचित आहेत. १८८८ साली आशुतोषांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, १८९४ साली कायद्यातील डॉक्टरेट मिळविली आणि १९०४ साली ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. गणिताचा एक संशोधक देशाने त्यामुळे काहीसा गमावला. पण शिक्षणक्षेत्राला एक शिल्पकार लाभला.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

मुंबई, मद्रास व कलकत्ता ही तीन विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. नावाने ती विद्यापीठे असली तरी त्यांचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे व पदव्या देण्याचे होते. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालये करीत. विद्यापीठाचे स्वतःचे प्राध्यापक, प्रयोगशाळा किंवा संशोधन असे फारसे काही नव्हते. व्यापारी भाषेत सांगायचे, तर विद्यापीठ म्हणजे मालाला शिक्का मारणारी कचेरी होती. माल तयार करणारा कारखाना नव्हता.

आशुतोष १८८९ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सिनेट व सिंडिकेटमध्ये दाखल झाले आणि विद्यापीठाच्या नियमांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १८९१ साली त्यांनी परीक्षांमध्ये मातृभाषेला स्थान देण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे मांडला. तो फेटाळला गेला. एखादा तरुण अशा पराभवाने खचला असता. आशुतोषांनी तो प्रस्ताव मनात जपून ठेवला आणि पंधरा वर्षांनी, हाती अधिकार येताच, अमलात आणला.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ साली भारतीय विद्यापीठ कायदा संमत झाला. विद्यापीठांवरील सरकारी पकड घट्ट करणारा कायदा म्हणून देशभर त्यावर टीका झाली व ती टीका रास्तच होती. परंतु त्याच कायद्यात एक तरतूद अशी होती की, विद्यापीठाने स्वतः प्राध्यापक नेमावेत, अध्यापन व संशोधन करावे. टीकाकारांना कायद्यातील बेडी दिसली. आशुतोषांना बेडी दिसलीच, पण तिच्या शेजारी पडलेली किल्लीही दिसली.

कुलगुरुपदाची आठ वर्षे

३१ मार्च १९०६ रोजी आशुतोष कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गुरुदास बॅनर्जी यांच्यानंतर या पदावर आलेले ते दुसरे हिंदी गृहस्थ होत. दोन-दोन वर्षांच्या चार मुदती मिळून सलग आठ वर्षे त्यांनी हे पद भूषविले. त्या काळी कुलगुरुपद मानद असे. दिवसभर उच्च न्यायालयात न्यायदान करावे आणि सकाळ, संध्याकाळ व सुटीचे दिवस विद्यापीठाला द्यावेत, असा त्यांचा क्रम होता. भवानीपूरच्या त्यांच्या घराचे दार विद्यार्थ्यांपासून पंडितांपर्यंत सर्वांना उघडे असे.

त्यांच्या कारकिर्दीत मॅट्रिकपासून बी. ए. पर्यंत मातृभाषेला अभ्यासक्रमात स्थान मिळाले. १९०९ साली विद्यापीठाचे स्वतःचे विधी महाविद्यालय निघाले. दरभंग्याचे महाराजा रामेश्वरसिंह यांच्या अडीच लाखांच्या देणगीतून ग्रंथालयासाठी भव्य वास्तू उभी राहिली. १९१३ च्या डिसेंबरात रवींद्रनाथ ठाकुरांना विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. पदवी दिली, कॉलेजच्या परीक्षा कधीही पूर्ण न केलेल्या कवीचा विद्यापीठाने केलेला तो गौरव होता.

प्राचीन भारतीय विद्यांकडे त्यांचे विशेष लक्ष होते. महामहोपाध्याय सतीशचंद्र विद्याभूषण यांचा मध्ययुगीन भारतीय न्यायशास्त्राच्या इतिहासावरील ग्रंथ १९०९ साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याचा पहिला भाग जैन न्यायाला आणि दुसरा बौद्ध न्यायाला वाहिलेला आहे. सिद्धसेन दिवाकर, अकलंक, हेमचंद्र अशा आचार्यांची तर्कपरंपरा इंग्रजी जाणणाऱ्या जगापुढे सुसंगतपणे मांडणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. हस्तलिखितांच्या भांडारात बंद असलेली विद्या विद्यापीठाच्या मुद्रणालयातून बाहेर पडू लागली, ही आशुतोषांच्या काळातील मोलाची घटना म्हटली पाहिजे.

पालित आणि घोष यांची दाने

विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र महाविद्यालय काढावे, ही आशुतोषांची सर्वांत मोठी आकांक्षा होती. त्यासाठी लागणारा पैसा सरकारकडून मिळण्याची चिन्हे नव्हती. तेव्हा त्यांची दृष्टी समाजातील धनिकांकडे वळली.

तारकनाथ पालित हे कलकत्त्याचे ख्यातनाम बॅरिस्टर. वंगभंगानंतरच्या स्वदेशी आंदोलनात, १९०६ साली, तांत्रिक शिक्षणासाठी त्यांनी पुढाकार घेतला होता. १९१२ साली त्यांनी जमीन, घरे व रोख मिळून जवळपास पंधरा लाख रुपयांची संपत्ती दोन दानपत्रांनी विद्यापीठाच्या स्वाधीन केली. १९१३ साली आशुतोषांचे गुरू रासबिहारी घोष यांनी दहा लाख रुपये दिले आणि १९१९ साली आणखी अकरा लाखांहून अधिक रकमेची भर घातली. पुढे खैऱ्याचे कुमार गुरुप्रसाद सिंह यांचेही मोठे दान मिळाले. त्या काळचे रुपयाचे मोल ध्यानी घेतले, म्हणजे या रकमांची थोरवी कळते.

या दानांना अटी होत्या. मूळ रक्कम अबाधित राहावी, तिच्या उत्पन्नातून अध्यासने चालावीत आणि त्या अध्यासनांवर केवळ हिंदी विद्वानांचीच नेमणूक व्हावी, ही त्यांतील प्रमुख अट होय. ज्या काळात शिक्षण खात्याच्या वरच्या श्रेणीत हिंदी माणसाला प्रवेश दुर्मीळ होता, त्या काळात ही अट म्हणजे एक मूक बंड होते. आशुतोषांनी ती आनंदाने स्वीकारली. ज्या अन्यायापायी त्यांना तरुणपणी प्राध्यापकी सोडावी लागली, त्याचे निवारण या दानपत्रातील एका कलमाने झाले.

सरकारची नाराजी वाढत होती. १९१३ साली विद्यापीठाने नेमलेल्या अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुहरावर्दी व काशीप्रसाद जायस्वाल या तीन व्याख्यात्यांच्या नेमणुकांना सरकारने राजकीय कारणांवरून मंजुरी नाकारली. या हस्तक्षेपाविरुद्ध आशुतोषांनी निर्भीड भूमिका घेतली. १९१४ मध्ये त्यांची चौथी मुदत संपली व त्यांना पुढे मुदतवाढ मिळाली नाही. मुदत संपण्याच्या अवघे तीन दिवस आधी, २७ मार्च १९१४ रोजी, अप्पर सर्क्युलर रोडवर विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला त्यांनी स्वहस्ते बसविली. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्त्यास भरलेल्या पहिल्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषविले होते.

माणसे हेरण्याची कला

इमारत पैशाने उभी राहते. संस्था माणसांनी उभी राहते. आशुतोषांचे खरे कर्तृत्व माणसांच्या निवडीत दिसते. पद गेले तरी विद्यापीठातील त्यांचे वजन गेले नाही. १९१७ साली पदव्युत्तर अध्यापनाची संपूर्ण व्यवस्था विद्यापीठाकडे आली व तिची सूत्रे आशुतोषांच्या हाती राहिली.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांना त्यांनी रसायनशास्त्राच्या पालित अध्यासनावर आणले. साठाव्या वर्षानंतरचा आपला पगार राय यांनी विद्यापीठालाच अर्पण केला. पदार्थविज्ञानाच्या अध्यासनासाठी आशुतोषांची नजर अर्थखात्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण मद्रासी अधिकाऱ्यावर गेली. हा अधिकारी कचेरीच्या वेळेआधी व नंतर डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्थापन केलेल्या विज्ञान संस्थेत प्रयोग करीत असे. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. अध्यासनाच्या नियमानुसार परदेशात शिक्षण घेणे आवश्यक होते आणि रामन त्याला तयार नव्हते. आशुतोषांनी नियमातून वाट काढली. १९१७ साली रामन यांनी चांगल्या पगाराची सरकारी नोकरी सोडून कमी वेतनाची प्राध्यापकी पत्करली. १९२८ साली त्यांनी लावलेल्या शोधाला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते याच अध्यासनावर होते.

सत्येंद्रनाथ बोस व मेघनाद साहा हे दोघे नुकतेच एम. एस्सी. झालेले तरुण. नवे पदार्थविज्ञान शिकविण्यासाठी आशुतोषांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. ते स्वतः शिकत गेले आणि शिकवीत गेले. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. पुढे हे दोघेही जागतिक कीर्तीचे शास्त्रज्ञ झाले. तत्त्वज्ञानाच्या अध्यासनासाठी म्हैसूरहून डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांना १९२१ साली बोलावण्यात आले.

प्रांतभेद त्यांच्या मनाला शिवला नाही. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे सुपुत्र देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९१७ साली प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक झाले. तौलनिक भाषाशास्त्रासाठी मुंबईकडील पारशी विद्वान डॉ. तारापोरवाला आले. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासही कलकत्त्यास सुरू झाला. सुरेंद्रनाथ सेन यांनी केलेले सभासद बखरीचे इंग्रजी भाषांतर १९२० साली, तर मराठ्यांच्या राज्यकारभारावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली त्याच विद्यापीठाने प्रकाशित केला. १९१९ मध्ये देशी भाषांमध्ये एम. ए. करण्याची सोय झाली. ज्या भाषांना पूर्वी परीक्षेच्या दारातही उभे केले जात नव्हते, त्या सर्वोच्च पदवीच्या पाटावर बसल्या.

दोष आणि टीका

थोर पुरुषाचे चरित्र म्हणजे केवळ गुणांची यादी नव्हे. आशुतोषांवर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली आणि टीकाकारही सामान्य नव्हते. मराठ्यांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक व स्वतः प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचे मानकरी असलेले जदुनाथ सरकार हे त्यांत अग्रभागी होते. परीक्षांचे निकाल सैल झाले व पदवी स्वस्त झाली, पदव्युत्तर विभागाचा पसारा आवाक्याबाहेर वाढला, सर्व सत्ता एका व्यक्तीच्या मुठीत एकवटली, असे आक्षेप घेतले गेले.

या आक्षेपांत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. आशुतोष एकहाती कारभार करीत, विरोध त्यांना सहसा रुचत नसे. बंगालचा वाघ ही त्यांना लोकांनी दिलेली पदवी कौतुकाची होती, तशीच ती त्यांच्या दराऱ्याचीही निदर्शक होती. पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च मुख्यत्वे परीक्षा शुल्काच्या उत्पन्नावर चाले. म्हणजे मॅट्रिकला बसणाऱ्या खेड्यातील मुलाच्या फीवर एम. ए. चे वर्ग उभे होते. उत्पन्न वाढत होते तोवर हा व्यवहार जमला. कायमच्या खर्चाला चढउताराच्या उत्पन्नाचा आधार किती धोक्याचा असतो, हे लवकरच दिसून आले.

मात्र आशुतोषांचीही एक बाजू होती. उच्च शिक्षण मूठभरांपुरते ठेवून दर्जा राखणे सोपे असते. बंगालच्या दूरवरच्या खेड्यांतील गरीब मुलांनाही विद्येचे दार उघडे असावे आणि त्यातूनच उद्याचे विद्वान निपजावेत, अशी त्यांची श्रद्धा होती. खेड्यातल्या एका गरीब दुकानदाराचा मुलगा असलेले मेघनाद साहा हे त्या श्रद्धेचे जिवंत उदाहरण होय.

अडीच लाखांचा प्रश्न

१९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगाचे आशुतोष सदस्य होते. आयोगाच्या दौऱ्यात ते भारतभर आपल्या साध्या बंगाली पोशाखात वावरले. आयोगाने १९१९ साली तेरा खंडांचा अहवाल सादर केला. त्यात विद्यापीठाला अधिक स्वायत्तता व अधिक द्रव्यबळ देण्याची शिफारस होती. प्रत्यक्षात कलकत्त्याच्या वाट्याला द्रव्यबळ आलेच नाही.

४ एप्रिल १९२१ रोजी आशुतोष पुन्हा कुलगुरू झाले, ते अत्यंत बिकट काळात. असहकार आंदोलनामुळे परीक्षार्थी घटले व फीचे उत्पन्न खालावले. नव्या सुधारणांनुसार शिक्षण खाते प्रांतिक मंत्र्यांकडे आले होते. पण बंगाल सरकारच्याच तिजोरीत खडखडाट होता. त्याच वर्षी ढाक्याचे नवे विद्यापीठ सुरू झाले. परिणामी कलकत्ता विद्यापीठाची तूट पाच लाखांच्या वर गेली आणि प्राध्यापकांचे पगार महिनोन्महिने थकले. ज्या विद्वानांना आशुतोषांनी ठिकठिकाणांहून बोलावून आणले होते, त्यांच्या घरी चूल कशी पेटवावी हा प्रश्न उभा राहिला.

अशा स्थितीत १९२२ साली सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले. पण सोबत अटी घातल्या. विद्यापीठाने नवा खर्च वाढवू नये, हिशेबाची पद्धत सरकारी लेखापालांच्या शिफारशींप्रमाणे बदलावी, जमाखर्चाचे तपशील सरकारला नियमितपणे सादर करावेत, असे त्यांचे स्वरूप होते. सुट्या सुट्या वाचल्या, तर यांतील काही अटींत कोणत्याही चोख हिशेबनिसाला वावगे काही दिसणार नाही. तूट आलेल्या संस्थेने हात आखडता घ्यावा आणि खाती स्वच्छ ठेवावीत, हे व्यवहाराला धरूनच आहे.

आशुतोषांचा आक्षेप हिशेब दाखविण्याला नव्हता. पैशाच्या निमित्ताने विद्यापीठाच्या कारभाराचा लगाम सरकारच्या हाती जाण्याला होता. कोणता विषय शिकवावा, कोणाला नेमावे, कोणता विभाग वाढवावा, हे एकदा पैसे देणाऱ्या खात्याने ठरविण्यास सुरुवात केली की विद्यापीठ त्या खात्याची शाखा होते. विद्यापीठ कायद्यात बदल करण्याचे सरकारचे प्रयत्नही त्याच सुमारास चालू असल्याने ही भीती निराधार नव्हती. पालित व घोष यांच्या अटी आणि सरकारच्या अटी यांतील फरक येथे स्पष्ट होतो. पालित-घोषांच्या अटी दानाचा हेतू राखण्यासाठी होत्या. दान देऊन झाल्यावर दाते बाजूला झाले. सरकारच्या अटी मात्र दात्याला कायमचे गादीवर बसविणाऱ्या होत्या.

डिसेंबर १९२२ मध्ये हा विषय सिनेटपुढे आला. आशुतोषांनी केलेले त्या वेळचे भाषण भारतीय विद्यापीठांच्या इतिहासात स्मरणीय ठरले. स्वातंत्र्य गहाण टाकून मिळणारा पैसा नको, प्रसंगी दारोदार फिरून बंगालच्या जनतेकडे हात पसरू, असा त्याचा आशय होता. सिनेटने सशर्त अनुदान नाकारले. हा निर्णय फुकाचा नव्हता. त्याची किंमत थकलेल्या पगारांच्या रूपाने प्राध्यापकांना मोजावी लागत होती आणि ती जाणीव ठेवूनच तो घेतला गेला, म्हणून त्याला मोल आहे.

मार्च १९२३ मध्ये मुदत संपत आली असता बंगालचे गव्हर्नर व विद्यापीठाचे कुलपती लॉर्ड लिटन यांनी आशुतोषांना पत्र लिहिले. सरकारला विरोध करण्याचे सोडून सहकार्य करण्याची हमी दिली, तर त्यांना पुन्हा कुलगुरू नेमता येईल, असा त्याचा रोख होता. आशुतोषांनी तत्काळ लेखी उत्तर पाठविले व अशा अटीवर मिळणारे पद बाणेदारपणे धुडकावून लावले. हा पत्रव्यवहार वृत्तपत्रांत प्रसिद्ध होताच देशभर खळबळ उडाली. ३ एप्रिल १९२३ रोजी त्यांची कारकीर्द संपली. अनुदान गेले, पदही गेले. विद्यापीठाचा कणा मात्र ताठ राहिला.

घरचा माणूस

सार्वजनिक जीवनात वाघासारखे वावरणारे आशुतोष घरात अत्यंत मातृभक्त होते. त्यांनी विलायतेस जावे, असा लॉर्ड कर्झन यांचा आग्रह असता मातोश्रींची संमती नाही एवढ्याच कारणावरून त्यांनी नकार दिला, अशी हकीकत सांगितली जाते. सनातनी ब्राह्मण घराण्यात वाढूनही, बालवयात विधवा झालेली आपली कन्या कमला हिचा त्यांनी १९०८ साली पुनर्विवाह लावून दिला. समाजाचा रोष त्यांनी निमूटपणे सोसला. १९२३ साली कमला निवर्तली. पद गेल्याच्या त्या वर्षात हा आघात त्यांच्या जिव्हारी लागला. कन्येच्या स्मरणार्थ त्यांनी विद्यापीठास निधी देऊन कमला व्याख्यानमाला सुरू केली. आईच्या नावे ठेवलेले जगत्तारिणी सुवर्णपदक प्रथम रवींद्रनाथांना देण्यात आले होते. इतरांकडून दान मागणाऱ्याने आपलाही वाटा घातला होता.

ग्रंथ हे त्यांचे एकमेव व्यसन. त्यांच्या वैयक्तिक संग्रहात ऐंशी हजारांच्या घरात ग्रंथ होते. १९४९ साली त्यांच्या पुत्रांनी तो अमोल संग्रह कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास अर्पण केला.

अखेर

१९२३ च्या अखेरीस आशुतोष न्यायाधीशपदावरून निवृत्त झाले आणि डुमराव संस्थानच्या एका मोठ्या खटल्यात वकील म्हणून उभे राहण्यासाठी पाटण्यास गेले. तेथेच अल्पशा आजाराने २५ मे १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. साठ वर्षे पूर्ण होण्यास जेमतेम महिना उरला होता. त्यांचे पार्थिव कलकत्त्यास आणले गेले तेव्हा अंत्यदर्शनासाठी अफाट जनसमुदाय लोटला. त्यांचे पुत्र श्यामाप्रसाद मुखर्जी १९३४ ते १९३८ या काळात त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले व पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री होते.

आशुतोषांच्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडू गेल्यास नावे बाजूला तूट, अतिविस्तार व एकाधिकार दिसतो. जमा बाजूला अध्यासने, प्रयोगशाळा, मातृभाषांची प्रतिष्ठा, जैन, बौद्ध व वैदिक विद्यांचे प्रकाशन आणि विद्वानांची एक अख्खी पिढी दिसते. त्यांच्या मृत्यूनंतरही पदव्युत्तर विभाग मोडला नाही. ज्या विभागाला सरकार उधळपट्टी समजत होते, त्याच विभागातून चार वर्षांनी रामन यांचा शोध बाहेर पडला.

मुंबईच्या कापूस बाजारातून निघालेले दोन लाख रुपये कलकत्त्याच्या एका तरुणाच्या बुद्धीला मानाचे स्थान देऊन गेले. त्या तरुणाने वाढत्या मुद्दलासह त्याची फेड केली. दात्याचे नाव राखावे, मुद्दलास हात लावू नये, हेतूपासून ढळू नये आणि संस्थेचे स्वत्व विकून एक पैही घेऊ नये, हा विश्वस्ताचा धर्म सर आशुतोषांनी पुस्तकात लिहून ठेवला नाही. तो त्यांनी पदाची किंमत देऊन आचरून दाखविला.